रडकी भिंत

मिहराबाच्या कमानीवरून निखळलेली फरशी थोरल्यांच्या व्याह्यांच्या पुढ्यात पडली, आणि एवढ्या मशिदीत तिला पडायला दुसरी जागाच मिळाली नाही का, असा प्रश्न घराण्यातल्या प्रत्येकाला पडला.

व्याही सजद्यात होते. कपाळ मातीच्या वडीवर टेकलेलं, डोळे मिटलेले. मन कुठे होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. कानाशेजारी खळ्ळकन आवाज झाला. नमाज मोडू नये एवढं भान त्यांना राहिलं, पण उरलेली नमाज त्यांनी अशा वेगाने उरकली की मागच्या रांगेतली माणसं बसायचं की उठायचं या गोंधळात पडली. नंतर ते थोरल्यांना एवढंच म्हणाले, "तुमच्या धाकट्या बंधूंचं काम आज फार जवळून पाहायला मिळालं."

एवढं वाक्य पुरलं. थोरल्यांनी दुसऱ्याच दिवशी तिन्ही भावंडांची बैठक बोलावली.

बहिणीने दवाखान्याला कुलूप लावलं तेव्हाच तिला कळून चुकलं होतं की आज तिचं मत मागितलं जाणार. एरवी ते कुणी मागत नसे. ती आपलं आपण देत असे. सगळी गल्ली तिला दातवाली म्हणायची. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना तिने तोंड उघडायला लावलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यांना बंद करायला. पण मिहराबाची गोष्ट वेगळी होती. मिहराब म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला तो कमानदार कोनाडा. त्यात काही बदल करायचा तर हयात भावंडांपैकी निम्म्याहून अधिकांची संमती हवी, असा दंडक मशीद बांधणाऱ्या मूळपुरुषाने घालून ठेवला होता. मूळपुरुष शिडांचं कापड विकायचा. वारा कुठून येईल सांगता येत नाही हे त्याला धंद्यात कळलं होतं, आणि भाऊ कुठून येईल हेही सांगता येत नाही, हे घरात.

थोरला दादा मशिदीचा मुतवल्ली, म्हणजे सगळा कारभार त्याच्याकडे. धाकटा मशिदीचा फरशीकार. चुना, रंग, भट्टी, सगळं त्याच्याकडे. मधल्या बहिणीकडे काहीच नव्हतं, म्हणून निर्णय तिच्याकडे आला होता.

अंगण ओलांडताना तिने सवयीने मान वर केली. मशीद तशी फार मोठी नाही, पण तिच्याविषयी घराण्याने इतकं सांगून ठेवलंय की ऐकता ऐकता ती वाढत जाते. मिनार एकच. पाहुण्यांना सांगतात, ईश्वर एक म्हणून मिनार एक. दुसऱ्या मिनाराच्या वेळी मूळपुरुषाचे दोन मुलगे कसे हातघाईवर आले आणि त्या विटांतून दोन दुकानं कशी उभी राहिली, ते सांगत नाहीत. दर्शनी बाजूला पाच कमानी: पैगंबर, त्यांची लेक, जावई आणि दोन नातू, या पाच जणांच्या. हे मात्र खरं असावं, कारण त्या जागेत सहा सहज मावल्या असत्या. घुमटाखालच्या गोल पट्टीत बारा इमामांची नावं आहेत. पणजोबांच्या काळच्या डागडुजीत आठवं नाव सातव्याच्या आधी बसलं ते आजतागायत तिथेच आहे, कारण नमाजाला आलेला माणूस खाली बघतो आणि पाहुणा फोटो काढतो. वर वाचत कुणीच नाही.

खिडक्याही बारा. त्यांतली बारावी आंधळी, नुसता कोनाडा. बारावे इमाम दृष्टीआड आहेत, पुन्हा प्रकट होतील. तोवर ती बंद. लहानपणी हे ऐकून तिच्या अंगावर काटा यायचा. मोठेपणी लक्षात आलं की त्याच खिडकीच्या मागून दादाच्या घराचा जिना चढतो. तिने हे एकदा मौलानांना सांगितलं होतं. मशिदीत नमाज पढवणारे हे मौलाना, वयाने वाकलेले पण जिभेने ताठ. ते म्हणाले होते, "अर्थ विटेच्या आधी आला की नंतर, याने अर्थाचं काही बिघडत नाही, बाई. जिन्याचं बिघडतं."

कारण दादाचं घर मशिदीला चिकटून होतं. चिकटून म्हणजे किती, तर मिहराबाची भिंत दोघांत एकच. आजोबांनी घर बांधताना चौथी भिंत वाचवली होती आणि त्याला जवळीक असं नाव दिलं होतं.

"ये, ये," दादाने बैठकीच्या खोलीतून हाक मारली. "तुझीच वाट बघत होतो. आधी हे बघ."

टेबलावर मऊ कागदात गुंडाळलेली एक फरशी होती. निळी, गुळगुळीत, वेलबुट्टीची. दादाने ती तान्ह्या बाळासारखी उचलली.

"यंत्रावर छापलेली. हात लावून बघ. अशा हजार घे, एकीचा निळा दुसरीपेक्षा रतीभर कमीजास्त निघणार नाही."

"कवळी अशीच असते, दादा," दातवाली म्हणाली. "एकसारखी."

दाराजवळच्या स्टुलावर धाकटा बसला होता. त्याच्या नखांत निळा रंग कायमचा मुरला होता. त्याला खुर्ची कुणी नाकारली नव्हती. तो आपणहून स्टुलावर बसायचा आणि मग मला स्टुलावर बसवलं असा चेहरा करायचा. त्याची मुलगी मागे भिंतीला टेकून उभी होती. ती भूजलाच्या प्रयोगशाळेत काम करायची. बापाची बाजू घ्यायला आली होती, पण बाप बोलेल तर ना.

"मी कुणाला दोष देत नाही," दादा म्हणाला. "फरशी पडली, एवढंच म्हणतोय. कुणी बसवली होती, हे काढतोय का मी?"

"आत्ता काढलंस की."

"पाच वर्षांत किती पडल्या बघ! सगळ्या त्याच भिंतीच्या. मिनाराच्या नाही, कमानीच्या नाही. व्याह्यांना लागलं असतं तर मी तोंड कुठे दाखवलं असतं?"

"माझ्याकडे," दातवाली म्हणाली. "मी रोज बघते."

धाकटा खाली बघत म्हणाला, "भिंत ओली आहे. ओल्या भिंतीला चुना धरत नाही."

"भिंत ओली नाही," दादा म्हणाला. आवाज खाली आला, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला. "भिंत रडते."

खोलीत सगळे गप्प झाले. या वाक्यानंतर गप्प व्हायची घराण्याची रीत होती.

मिहराबाच्या उजव्या अंगाला, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, भिंत बारा महिने ओलसर असायची. करबलेच्या दुःखाने ती रडते, असं लोक म्हणत. दुरून माणसं येत, ओल बोटाला लावत, बोट डोळ्यांना लावत. भिंत आजोबांच्या काळात रडू लागली. मशीद त्याच्या किती आधीची. तोवर तिला रडू का फुटलं नाही, असं विचारणं असभ्य समजलं जाई. मौलाना मात्र सांगून सांगून थकले होते, "अरे, रडायचं आपण असतं. ते काम भिंतीवर ढकलू नका."

"म्हणजे भिंत रडते म्हणून लोक येतात," दातवालीने हिशेब मांडला, "आणि भिंत रडते म्हणून फरशा पडतात. मग रडण्याचं श्रेय तुझ्याकडे आणि पडण्याचं खापर याच्या माथी?"

"तू नेहमी त्याचीच बाजू घेतेस."

"मी अजून कुणाची घेतलेली नाही. व्याह्यांचं डोकं फुटलं असतं हे खरंच आहे."

धाकट्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिला भूल न देता दाढ काढल्यासारखं वाटलं.

"तर मग तुझी संमती," दादा म्हणाला. "उद्या दुपारच्या नमाजानंतर कंत्राटदाराची माणसं येतायत. जुन्या फरशा छिन्नीने उतरवतील, खाली सिमेंट, वर या. आणि धाकट्याने आता आराम करावा. पाठ दुखते त्याची."

"माझी पाठ दुखत नाही," धाकटा म्हणाला.

"दुखेल."

"मला आधी भिंत बघू दे," दातवाली उठली. "तोंड न बघता दात काढायचा परवाना माझ्याकडे नाही."

नमाजाची वेळ नव्हती. मशिदीचं दालन रिकामं होतं. भाची तिला सरळ मिहराबापाशी घेऊन गेली. मिहराबाचा वरचा भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, एकावर एक झुकलेल्या छोट्या छोट्या कोनाड्यांचा. त्याच्या कडेने धाकट्याच्या फरशा. आणि जिथून त्या गेल्या होत्या तिथे भिंतीवर पांढरी, भुसभुशीत साय आली होती. दातवालीने नखाने ती खरवडली.

"दातावरच्या किटणासारखं आहे."

"क्षार आहेत, आत्या. पाणी भिंतीतून येतं, सोबत क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार फरशीच्या मागे साठतात आणि तिला आतून ढकलतात. बाबांनी काय, कुणीही बसवली तरी पडणार. यंत्रावरची सुद्धा. सिमेंट लावलं तर पाणी वर चढेल आणि हे," तिने पोळ्याकडे बोट दाखवलं, "हे सगळं खाली येईल."

"मग हे बैठकीत का नाही सांगितलंस?"

"गेल्या वर्षी सांगितलं. थोरले काका म्हणाले, चार बुकं शिकली म्हणून अश्रूंची परीक्षा घेऊ नये."

"पाणी येतं कुठून?"

भाचीने ओलीवर तळहात टेकवला. "आत्या, या भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

"दादाचं घर."

"घरात?"

दातवाली डोळे मिटून मनाने घरभर फिरली. बैठक. मधली खोली. तिच्या पुढे अंधारा बोळ, बोळाच्या टोकाला... तिने डोळे उघडले.

"न्हाणी."

"हूं."

"म्हणजे आजोबांपासून आपण सगळे रोज..."

"आत्या, हळू. घुमट आहे वर. सगळीकडे ऐकू जातं."

दातवालीने पदर तोंडात कोंबला. हसू आवरेना, आणि मशिदीत हसण्याची लाजही वाटेना. मग तिला बोट डोळ्यांना लावणारी ती सगळी दुरून आलेली माणसं आठवली आणि हसू आपोआप थांबलं.

भाचीने पिशवीतून एक पुडी काढली. आत नारिंगी भुकटी होती. "ही मोरीत टाकायची. उद्या दुपारपर्यंत रंग भिंतीवर उतरला, तर पाणी तिथलंच. मला न्हाणीपर्यंत जाऊ देणार नाहीत. तुला देतील."

"विषारी?"

"डोळ्यांचे डॉक्टर तपासताना डोळ्यांत घालतात."

"मग माझ्या भावाच्या मोरीत चालेल."

परतल्यावर ती म्हणाली, "हात धुते," आणि बोळात शिरली. मागून वहिनीचा आवाज आला, "पाणी जपून टाका हो, वन्सं! मोरी तुंबलीय. घोट्याएवढं साचतं. मी किती दिवस सांगतेय, वरच्या मजल्यावर नवी बांधा. व्याह्यांच्या घरी बघा कशी आहे, आरशासारखी."

"दादा काय म्हणतो?"

"म्हणतात, वडील याच मोरीवर अंघोळ करायचे. आता वडील याच मोरीवर घसरून पडले होते, हे कोण बोलणार!"

दातवालीने पुडी उलटी केली. अंधारात रंग काही दिसला नाही. बाहेर येऊन ती दादाला म्हणाली, "माझं मत उद्या, नमाजाआधी."

"उद्या कशाला? आजच..."

"निदानाला एक दिवस लागतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दवाखान्यातून निघाली तर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पेढीवाले पेढी सोडून, शिंपी माप सोडून मशिदीकडे निघालेले. तिची एक पेशंट, जिचा गाल कालच सुजला होता, तीही गालाला हात लावून धावत होती.

"काय झालं गं?"

"भिंत हिरवी रडतेय!" पेशंट म्हणाली, आणि ज्या तोंडाने कालपर्यंत पाणीही पिता येत नव्हतं त्या तोंडाने तिने चार जणींना तेच ओरडून सांगितलं.

दातवाली जागच्या जागी उभी राहिली. हिरवा. पैगंबरांच्या घराण्याचा रंग. निशाणांचा, वंशजांच्या पगड्यांचा, घुमटाच्या कळसाखालच्या पट्टीचा रंग.

भाची अंगणातच भेटली. चेहरा पांढराफटक.

"पुडीत तर नारिंगी होता!"

"पाण्यात हिरवा होतो. चमकतो."

"आणि तुला हे ठाऊक होतं?"

"रसायन म्हणून ठाऊक होतं! इथे... इथे हिरव्याचा काय अर्थ होतो, ते डोक्यातच आलं नाही, आत्या. आमच्याकडे लाल पण होता."

"लाल टाकला असतास तर रक्त म्हणाले असते. राहू दे."

आत मिहराबाच्या उजव्या अंगाला ओलीचा तो जुना डाग कोवळ्या पोपटी रंगाने झळाळत होता, आणि त्यातून दोन ओघळ खाली आले होते. दिसायला सुंदर होतं, हे दातवालीला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून दादा बसला होता. सकाळपासून येणाऱ्या जाणाऱ्याला हकीकत सांगून थकून त्याला डुलकी लागली होती, आणि तो घोरत होता. खांबाखांबांतून ते घोरणं फिरत होतं. लोक म्हणत होते, किती साधा माणूस.

तिने खांद्याला हात लावताच तो दचकून उठला आणि उठल्या उठल्या बोलू लागला, "बघितलंस? कंत्राटदाराला येऊ नको म्हणून कळवलं मी. आता या भिंतीला कुणाचा हात लागायचा नाही. यंत्राची फरशी नाही, भट्टीची नाही. जुन्या फरशा उतरवून ठेवायच्या आणि पुढे काच बसवायची. व्याही स्वतः काच देतायत!"

शेजारी उभ्या असलेल्या व्याह्यांनी डोळे पुसले. "मी तर आता म्हणतो, ती फरशी पडली नव्हती. अश्रूंनी वाट करून घेतली होती."

"आणि धाकटा?" दातवालीने विचारलं.

"त्याचं काय आता? फरशाच नाहीत तर फरशीकार कशाला!" दादा म्हणाला. "आराम करू दे. पाठ..."

धाकटा दूर खांबापाशी उभा होता. काल त्याचं काम दुसऱ्याला जाणार होतं. आज कामच उरलं नव्हतं. आणि याला कारण आपली पुडी.

भाची पुढे झाली. "काका, सगळ्यांनी ऐका. हा रंग मी दिला. काल संध्याकाळी तो..."

एका म्हाताऱ्या बाईने तिचे हात प्रेमाने हातांत घेतले. "तू दिलास ना, पोरी? मग तुझ्या हातून कुणी देववला?"

या प्रश्नाला प्रयोगशाळेत उत्तर नव्हतं. तेवढ्यात तीन बायका तिच्या हातांना हात लावून आपल्या डोळ्यांना लावू लागल्या, आणि ती आत्याच्या पाठीमागे लपली.

अजान झाली. लोक वुजू, म्हणजे नमाजाआधीचं हात-तोंड धुणं, उरकून रांगा धरू लागले. व्याही म्हणाले, "चला मुतवल्लीसाहेब, वुजू करून घेऊ."

"माझा आहे," दादा म्हणाला.

"होता," दातवाली म्हणाली. "आत्ता घोरत होतास."

"मी? डोळे मिटून चिंतन करत..."

"साहेब," मौलाना शांतपणे म्हणाले, "झोपेने वुजू जातो. चिंतनाने जात नाही, पण तुमचं चिंतन तिसऱ्या खांबापर्यंत ऐकू येत होतं."

लोक हसले. दादा मात्र उठेना. त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले, आणि तेव्हा दातवालीचं लक्ष गेलं. एवढ्या उकाड्यात दादाने जाड लोकरी मोजे घातले होते.

वुजूत शेवटी ओला हात उघड्या पावलांवर फिरवायचा असतो. मोज्यावरून चालत नाही. हे दादाने तिला लहानपणी स्वतः शिकवलं होतं, टपल्या मारून.

ती त्याच्या कानाशी वाकली. "रंग किती वर आलाय?"

"कसला रंग?"

"दादा."

दादाने इकडेतिकडे पाहिलं. "घोट्यापर्यंत."

"म्हणजे सकाळी मोरीत हिरवं पाणी बघितलंस, आणि धावत भिंत बघायला आलास?"

"आधी मोजे घातले," दादा पुटपुटला.

क्षणभर तिला त्याचा राग येण्याऐवजी त्याची कीव आली. हा माणूस आयुष्यभर एका ओल्या डागाची राखण करत आला होता. बाकी त्याच्याकडे होतं काय?

"काय हवंय तुला?" त्याने विचारलं.

"न्हाणी पाड. भिंत सुकू दे. ती धाकट्याच्या हवाली कर, आणि त्याला खरं सांग."

"या सगळ्या लोकांसमोर?"

"लोकांना तुझ्या भाषेत सांग, ते तुला जमतं. त्याला मात्र साध्या भाषेत. नाही तर मी मौलानांना सांगते, तुझ्या पायाला जखम आहे, जरा मोजा काढून बघा."

दादा उभा राहिला. घसा साफ केला. दोन्ही हात वर केले, आणि तो पाहुण्यांसाठीचा आवाज घुमटाला जाऊन भिडला.

"लोकहो! ही भिंत आज उगाच रडलेली नाही. ती मागणं मागतेय! तिच्या पाठीला टेकून आमची वडिलोपार्जित न्हाणी आहे. आजोबांनी बांधलेली, वडिलांची लाडकी. ती मी या भिंतीवरून ओवाळून टाकतो! उद्यापासून तिथे पाण्याचा थेंब पडणार नाही. भिंतीच्या पाठीवर कुणाचं ओझं राहणार नाही. मग तिचे डोळे कोरडे होतील, आणि माझा भाऊ, माझा सख्खा धाकटा भाऊ, तिला पुन्हा सजवेल!"

गर्दीतून हुंकार उठला. एकाने दादाचा हात धरून त्याचं चुंबन घेतलं. व्याह्यांना हुंदका आवरेना. बायकांच्या जाळीमागून वहिनीचा स्पष्ट आवाज आला, "वरच्या मजल्यावर! खिडकीशेजारी! आत्ताच सांगून ठेवते."

मौलानांनी दातवालीकडे बघितलं आणि दाढीत काहीतरी पुटपुटले. ती प्रार्थना होती की आणखी काही, ते कळलं नाही.

भाची रडकुंडीला आली होती. "आत्या, हे सगळं खोटं आहे! आता लोक म्हणतील, काकांनी त्याग केला!"

"निदान खोटं आहे. उपचार बरोबर आहे," दातवाली म्हणाली. "असे पेशंट मी रोज घरी पाठवते."

"आणि बाबा? त्यांच्या फरशा कशामुळे पडत होत्या, हे कुणाला कळणारच नाही?"

याला आत्याकडे विनोद नव्हता. तिने भाचीचा हात धरला आणि ती हौदाच्या कडेला गेली, जिथे एका जाड खांबाच्या आडोशाला धाकटा एकटाच वुजू करत होता. भाषण त्याने ऐकलं होतं. चेहरा तसाच. चूक माफ झालेल्या माणसाचा चेहरा, ज्याने चूक केलेलीच नाही.

दादा आला. खांबाने गर्दी झाकली आहे ना, हे त्याने बघून घेतलं आणि धाकट्याशेजारी दगडावर बसला. तोंड धुतलं. हात धुतले. ओला हात डोक्यावर फिरवला. मग पायांपाशी हात थांबला.

"पाणी साचतं रे तिकडे," तो शेवटी म्हणाला. "मोरीत. फार वर्षं साचतंय."

धाकट्याने ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं.

"सांगायला हवं होतं. आधीच. ती फरशी... तुझी फरशी..." दादाचा पाहुण्यांसाठीचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. वाक्य पुरं होईना. त्याने खाली वाकून एक मोजा ओढून काढला, मग दुसरा.

पावलं घोट्यापर्यंत हिरवी होती. टाचांच्या भेगांत रंग जास्त गडद, नखांच्या कडेने पिवळसर, आणि घोट्यावर पाण्याची रेघ आखल्यासारखी सरळ.

धाकट्याने त्या पावलांकडे पाहिलं. मग मान वळवून खांबांमधून दिसणाऱ्या भिंतीकडे पाहिलं. मग पुन्हा पावलांकडे. पाच वर्षं गिळलेलं आता सगळं बाहेर पडणार, आणि पडावंच, असं दातवालीला वाटलं.

धाकट्याने दादाचा एक पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, जसा तो भट्टीतून काढलेला तुकडा घेत असे, आणि उजेडाकडे वळवला.

"हलू नकोस," तो म्हणाला. अंगठा टाचेवरून हळूच फिरवला. "आजवर असा हिरवा माझ्या भट्टीतून कधी उतरला नाही, दादा."

आत रांगा लागल्या होत्या. मौलानांनी मागे वळून खांबाकडे एकदा पाहिलं आणि लोकांना जरा थांबायला सांगितलं.